'माइंडसेट' नक्की कशाला म्हणायचं? आणि तो नेहमी दुसऱ्याचाच का असतो?

गिरणाकाठ (भडगाव)

शेतकरी मेळावा असो, शाळेतली पालकसभा असो की बचत गटाचं प्रशिक्षण असो, "आधी माइंडसेट बदलला पाहिजे" हे वाक्य हमखास येतं. शब्द आता गावातल्या बोलण्यात पक्का बसलाय. तो इंग्रजी आहे म्हणून हाकलून द्या असं माझं म्हणणं नाही. आपण तो कशाला लावतो यावर मात्र बोललं पाहिजे असं फार दिवस मनात आहे.

इंग्रजीत हा शब्द विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिक्षण आणि मानसशास्त्राच्या लिखाणातून पुढे आला. आधीच्या अनुभवांनी मनाला लागलेलं वळण, हा त्याचा गाभा. म्हणजे एक तर ते वळण अनुभवातून आलेलं असतं, आणि दुसरं म्हणजे ते पक्कं बसलेलं असतं. आज कामात लक्ष लागलं नाही, हा माइंडसेट नव्हे. एखाद्या प्रश्नावरचं मत हाही नव्हे. प्रसंग कुठलाही येवो, माणूस त्याच्याकडे पहिल्यांदा ज्या बाजूने बघतो ती बाजू म्हणजे माइंडसेट.

आपल्याकडे तो फार सैल झालाय. "मॅचचा माइंडसेट ठेव" म्हणजे मनाची तयारी ठेव. "त्याचा माइंडसेट वेगळा आहे" म्हणजे स्वभाव वेगळा आहे. "आपल्या समाजाचा माइंडसेट" म्हणजे मानसिकता. इथवर मला काही अडचण नाही, शब्द असेच पसरतात. खटकतं ते पुढचं. समोरच्याने आपलं ऐकलं नाही की "यांचा माइंडसेटच तसा" म्हणायचं आणि विषय मिटवायचा. मग त्याच्या विहिरीला पाणी आहे का, हातात पैसा आहे का, घरात माणूस आहे का, हे विचारायला कोणी थांबत नाही. कारण सापडलं असं वाटतं, आणि ते कारण त्याच्या डोक्यात असतं.

माझं साधं म्हणणं असं: परिस्थिती बदलली तरी जे वागणं टिकून राहतं, त्यालाच माइंडसेट म्हणावं. परिस्थिती होती तशीच असेल आणि माणूसही होता तसाच वागत असेल, तर तो त्याचा हिशोब असू शकतो. आधी तो हिशोब विचारा.

तुमच्याकडची उदाहरणं लिहा. पटत नसेल तर तेही लिहा.

तापीकाठचा (रावेर तालुका)

भाऊ, केळीचं सांगतो, कारण हे मी घरात बघितलंय.

वडिलांच्या पिढीत कंद लावून बाग धरायचे. टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं आली तेव्हा बरेच जण कंदावरच राहिले, आणि बाहेरून येणारा प्रत्येक जण म्हणायचा की यांचं जुनं डोकं आहे. आता हिशोब बघा. कंद स्वतःच्या नाहीतर भावकीतल्या बागेतून काढायचे, खर्च मजुरीचा आणि गाडीचा. पाच बाय पाच फुटांवर लागवड धरली तर एकराला १७०० च्या वर रोपं लागतात, आणि दर रोपामागे पैसे आधी मोजायचे. ठिबक नसेल, खताचं वेळापत्रक सांभाळता येत नसेल, तर त्या रोपाचा पुरता फायदा मिळत नाही. वर मे-जूनचं वादळ. एका संध्याकाळी बाग आडवी होते. ज्याने जास्त पैसा घातला त्याचा जास्त गेला. ज्याला तो मार सोसण्यासारखा नाही, तो कंद सोडणार कसा?

पुढे ठिबकला अनुदान मिळू लागलं. एकसारख्या, डाग नसलेल्या घडाला व्यापारी वेगळा भाव देऊ लागला. शेजारच्या बांधावरची बाग अकरा-बारा महिन्यांत कापणीला आलेली दिसली. मग तीच माणसं, तीच डोकी, रोपांसाठी आगाऊ नोंदणी करायला रांगेत. भाषण ऐकून कोणी बदललं नाही. गणित जुळलं आणि बदलले.

आमच्या वडिलांच्या पिढीला मागास म्हटलेलं मला अजून लागतं. ती माणसं रात्रीच्या लाइटीला उठून बारी धरायची, थंडीत बागेला पाणी देऊन पिकाला ऊब द्यायची. जी जोखीम पेलता येणार नाही ती त्यांनी उचलली नाही, एवढंच.

पांझरा (धुळे)

तापीकाठचा दादा, पटलं. आमच्या अहिराणीत "त्याना सभाव शे तसा" म्हणतात आणि माणसाला आहे तसा घेतात. माइंडसेट म्हटलं की तो माणूस दुरुस्तीला काढल्यासारखा वाटतो.

अनुवादिका (अमळनेर)

भाषांतराचं काम करते, म्हणून मराठी शब्दांबद्दल थोडं लिहिते. रोज हा शब्द समोर येतो आणि एकच पर्याय सगळीकडे चालत नाही.

मानसिकता हा सगळ्यात सोपा वाटणारा शब्द, पण तो आता बहुतेक वेळा आरोपाच्या वाक्यात येतो. पुरुषी मानसिकता, गुलामीची मानसिकता, सरंजामी मानसिकता. चांगल्या गोष्टीमागे तो क्वचित लागतो. शिवाय "सध्या लग्नाची मानसिकता नाही" असं म्हणतात तेव्हा तो नुसत्या तयारीचा शब्द होतो, तिथे सवयीचा काही संबंध नाही.

मनोवृत्ती जास्त जवळचा. वृत्ती या शब्दाच्या मुळाशी वृत् हा धातू आहे, त्यात असणं, वागणं, वळणं हे सगळं येतं. पतंजलीच्या योगसूत्रांत चित्तवृत्ती येते ती मनाच्या हालचालींसाठी. आणि व्यवहारात वृत्ती म्हणजे पोट भरण्याचं साधन. शिष्यवृत्तीतली वृत्ती तीच. जुन्या गावगाड्यात जोशीपणाची वृत्ती असायची, वृत्तिदार असायचे. माणूस ज्यावर जगतो आणि माणूस जसा वागतो, या दोन्हींना आपल्या भाषेने एकच शब्द दिला. वरच्या केळीच्या उदाहरणानंतर मला ते फार अर्थपूर्ण वाटतंय.

दृष्टिकोन हा माणूस विचार करून घेऊ शकतो आणि बदलूही शकतो, म्हणून तो माइंडसेटपेक्षा हलका. पूर्वग्रह कुणाबद्दल तरी असतो. खोड ही वागण्यातली, मनातली नव्हे. पिंड हा जन्मजात समजला जातो, पण माइंडसेट घडलेला असतो, म्हणून तिथेही फरक पडतो. मी बहुतेक वेळा "मनाचं वळण" किंवा "मनाची बैठक" लिहिते. शास्त्रीय मजकुरात माइंडसेटच ठेवते.

जाता जाता, अॅटिट्यूड या शब्दाचं तर आपण फारच वेगळं केलंय. तो मूळचा चित्रकला-शिल्पकलेतला, आकृती कशी उभी आहे, अंग कसं धरलंय, त्यासाठीचा. मनाकडे तो नंतर आला. आपल्याकडे "तिला फार अॅटिट्यूड आहे" म्हणजे ती कुणाला भीक घालत नाही. आणि हे बऱ्याचदा मुलींनाच ऐकावं लागतं.

उंचभरारी (जळगाव)

एवढा विचार कशाला करायचा? मी तरुणांसाठी शिबिरं घेतो. माइंडसेट पॉझिटिव्ह असेल तर माणूस कुठल्याही परिस्थितीवर मात करतो. परिस्थितीची कारणं सांगणं हाच मुळात निगेटिव्ह माइंडसेट.

मानसशास्त्रवाली (धुळे)

उंचभरारी सर, याच वाक्यावर मला लिहायचंय. कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. थोडं लांबेल.

पहिलं, 'बसलेलं मन' म्हणजे काय ते दाखवणारा प्रयोग. मानसशास्त्रज्ञ अब्राहम लुचिन्स यांनी तो १९४२ मध्ये प्रसिद्ध केला. मी वर्गात करून घेते, तुम्हीही घरी करून बघा. तीन भांडी. पहिल्यात २१ मापं पाणी मावतं, दुसऱ्यात १२७, तिसऱ्यात ३. बरोबर १०० मापं काढायची. मुलं थोडी झटतात आणि मग कुणाला तरी सापडतं: दुसरं भांडं भरा, त्यातून पहिलं एकदा भरून काढा, तिसरं दोनदा. १२७ मधून २१ गेले, उरले १०६. दोनदा ३ गेले, उरले १००. पुढची काही गणितंही मुद्दाम याच रीतीने सुटणारी असतात. हात बसतो, मुलं खूश होतात.

मग मी २३, ४९ आणि ३ ची भांडी देते आणि २० मापं काढायला सांगते. वर्ग लगेच ४९ मधून २३ काढतो, मग दोनदा ३. उत्तर २०, अगदी बरोबर. पण २३ मधून ३ काढले असते तरी भागलं असतं. ज्यांना आधीची गणितं दिलेली नसतात, ती मुलं बहुधा हाच छोटा रस्ता धरतात. शेवटी २८, ७६ आणि ३, काढायचे २५. इथे लांबची रीत चालतच नाही, ४२ उरतात. तेव्हा हुशार मुलंसुद्धा म्हणतात, "मॅडम, गणितच चुकलंय." अट्ठावीसमधून तीन त्यांना दिसत नाहीत. लुचिन्स यांनी काही जणांना मध्येच कागदावर "आंधळे होऊ नका" असं लिहायला लावलं होतं. त्याने काहींचे डोळे उघडले, सगळ्यांचे नाही.

यात ती मुलं मठ्ठ नसतात की हट्टी नसतात. लांबची रीत त्यांना यशानेच शिकवलेली असते. गिरणाकाठ यांनी जी कसोटी सांगितली ती इथे नेमकी दिसते: गणित बदललं, रीत बदलली नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ याला आइनश्टेलुंग म्हणत.

दुसरं, तुमचं पॉझिटिव्ह माइंडसेट. हा शब्द इतका गाजला तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांच्या कामामुळे, विशेषतः २००६ च्या त्यांच्या पुस्तकानंतर. त्यांचा मुद्दा पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा नव्हताच. बुद्धी जन्माने ठरलेली आणि पक्की आहे असं माणूस मानतो, की ती प्रयत्नाने वाढते असं मानतो, हा प्रश्न होता. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि ड्वेक यांनी दाखवलं की "तू हुशार आहेस" असं कौतुक झालेली मुलं पुढच्या वेळी सोपं काम निवडण्याकडे झुकतात. "तू मेहनत घेतलीस" असं कौतुक झालेली मुलं अवघड काम घ्यायला जास्त तयार होतात. हुशारीचा शिक्का जाईल ही भीती पहिल्या मुलांना असते.

आता याचा परिणाम केवढा? अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवर मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये तो 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आला. तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन धड्याने मागे पडलेल्या मुलांच्या गुणांच्या सरासरीत वाढ झाली, पण ती सुमारे ०.१ गुणांकाची, सुमारे चार गुणांकांच्या मोजपट्टीवर. आणि जिथे आजूबाजूची मुलंही अवघड गणितं घ्यायला तयार होती, तिथे ती जास्त दिसली. म्हणजे परिणाम आहे, खरा आहे, लहान आहे, आणि भोवतालच्या वातावरणावर अवलंबून आहे. परिस्थितीचं नाव काढणं निगेटिव्ह, असं या संशोधनातून कुठेही निघत नाही. नुसतं "प्रयत्न कर" म्हणत राहणं पुरेसं नाही, हे ड्वेक यांनी स्वतः नंतर बजावलं आहे.

सातपुडापायथा (नंदुरबार जिल्हा)

मॅडमनी लिहिलं ते छापून शिक्षकखोलीत लावणार आहे.

आमच्याकडे धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला काम केलेल्यांनी एक वाक्य नक्की ऐकलं असेल: "या लोकांचा शिकायचा माइंडसेटच नाही." मूल पहिलीत येतं तेव्हा घरी पावरी किंवा भिलोरी बोलत असतं. पुस्तक मराठीत, बाईंचं बोलणं मराठीत. ते गप्प बसतं, तर आपण म्हणतो लक्ष नाही. दिवाळी झाली की आई-बाप ऊसतोडीला गुजरातेत जातात, मूल सोबत जातं, कारण मागे सांभाळायला कोणी नसतं. परत येतं तेव्हा वर्ग बराच पुढे गेलेला असतो. दोन-तीन वर्षं असं झालं की शाळा आपल्यासाठी नाही असं त्या मुलाला खरंच वाटू लागतं. त्या टप्प्यावर तो माइंडसेट झालेला असतो, हे मी नाकारत नाही. पण तो आधीच्या सगळ्याने *घडवलेला* असतो.

मी पहिलीच्या मुलांशी त्यांच्या भाषेत बोलायला लागलो. मोडकंतोडकं का होईना. झाडाला, भाकरीला, कोंबडीला ते काय म्हणतात ते विचारायचं आणि फळ्यावर देवनागरीत लिहायचं. वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी त्या दिवशी उठून फळ्यापाशी आली आणि मी लिहिलेला शब्द तिने पुसला, कारण माझा उच्चार चुकीचा होता. मग तो नीट म्हणून दाखवला, तीनदा. तिचा काही माइंडसेट बदलायचा नव्हता.

आणि पालकसभेत दुसऱ्या टोकाचं ऐकतो. शहरातून आलेले, नोकरीवाले पालक मुलासमोरच सांगतात, "सर, गणित आमच्या घराण्यातच नाही." शिकवणी आहे, पुस्तकं आहेत, वेळ आहे, तरीही हे. गिरणाकाठ यांच्या कसोटीने बघितलं तर खरा माइंडसेट तिथे आहे.

शिवारफेरी (चोपडा)

मी कृषी खात्यात आहे. सगळ्यांचा रोख आमच्याकडे आहे तर बाजू मांडतो.

फरदडीचं, म्हणजे मुख्य वेचणी झाल्यावरही पाणी देऊन उभ्या ठेवलेल्या कपाशीचं, काय करायचं? २०१७ ला गुलाबी बोंडअळीने काय केलं ते इथे कुणाला सांगायला नको. ही अळी मुख्यतः कपाशीवर जगते. डिसेंबरअखेर शेत मोकळं केलं तर तिचं चक्र तुटतं. फरदड ठेवली की जानेवारी-फेब्रुवारीतही तिला बोंडं मिळतात. मग ती वाळक्या बोंडात, सरकीत सुप्त बसते आणि पुढच्या हंगामाला पतंग तयार. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, बांधावर रचून ठेवली तरी तेच. हे आम्ही दरवर्षी सांगतो. लोक ऐकतात, मान डोलावतात, प्रश्नही चांगले विचारतात. आणि फेब्रुवारीत गाडीवरून जाताना दोन्ही बाजूंना हिरवी कपाशी उभी. याला माइंडसेट नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

तापीकाठचा (रावेर तालुका)

साहेब, राग नाही, पण हिशोब मांडतो. माझी थोडी जमीन नदीपासून लांब आहे, तिथे कापूसच असतो.

डिसेंबरात विहिरीला दोन-तीन पाण्यांपुरतं पाणी उरतं. गव्हाला पाच-सहा पाळ्या लागतात, तो गेला. हरभरा घ्यायचा तर नांगरट, बियाणं, मजुरी, म्हणजे हातात रोकड हवी. उभ्या कपाशीला मात्र एक-दोन पाणी आणि थोडा युरिया टाकला की पुन्हा पाते-फुलं लागतात. जो कापूस निघेल तो निघेल, पण तो मार्चच्या आत निघतो, आणि मार्चअखेर गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज भरल्याशिवाय नवं उचलता येत नाही. नुकसान कधी? पुढच्या हंगामात. ते फक्त माझं नाही, आजूबाजूच्या सगळ्यांचं. आणि मी एकट्याने उपटून टाकली, बांधापलीकडे फरदड उभी राहिली, तर पतंग काही बांध बघून थांबत नाही. मग मी एकट्यानेच का सोडू?

तुम्ही म्हणता लोक ऐकतात आणि तेच करतात. ते ऐकतात कारण तुमचं खरं आहे हे त्यांना कळतं. तेच करतात कारण मार्चही खरा आहे.

शिवारफेरी (चोपडा)

मार्चचा मुद्दा मान्य. पण ज्यांच्याकडे शेततळं आहे, ठिबक आहे, रब्बी मका आरामात होईल एवढं पाणी आहे, तेही ठेवतात. त्यांची सोसायटीही थकलेली नाही. त्यांचं काय?

गिरणाकाठ (भडगाव)

त्यांचा माइंडसेट. तिथे शब्द बरोबर लागला.

ठिबक येण्याआधीची गणितं त्यांनी सोडवली होती, रीत तीच राहिली. त्यांच्याशी बोलताना मका आणि फरदड यांचा त्याच शेतातला खर्च-उत्पन्न समोर मांडावा लागेल, कारण त्यांना छोटा रस्ता दिसतच नाहीये. आणि ज्यांचं पाणी संपलंय त्यांना हे सांगून उपयोग नाही, त्यांच्यासाठी कर्जभरणा आणि सगळ्या शिवाराने मिळून शेत मोकळं करणं, हे दोन विषय आहेत. दोन्ही गटांना एकाच मांडवात बसवून "माइंडसेट बदला" म्हटलं की पहिला गट स्वतःला दुसऱ्यात धरतो आणि दुसऱ्याला अपमान वाटतो. मेळावे फुकट जातात ते इथे.

उंचभरारी सर, तुमच्या शिबिरातल्या मुलांनाही हेच लागू आहे. कुणाला आत्मविश्वास कमी आहे आणि कुणाला परीक्षेची फी भरायला पैसे नाहीत, हे आधी वेगळं करा. दोघांनाही एकच भाषण दिलं तर फी नसलेला मुलगा घरी जाऊन स्वतःलाच दोष देत बसेल.

उंचभरारी (जळगाव)

फीचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. माझ्या शिबिरात असे असतात. तरी मनाची ताकद मी कमी मानणार नाही, त्या ताकदीवरच मी स्वतः शिकलो.

मानसशास्त्रवाली (धुळे)

कमी मानूच नका. तुमच्या सोबत तेव्हा कोण कोण होतं, वसतिगृह कुणी मिळवून दिलं, पुस्तकं कुठून आली, हेही मुलांना सांगा. त्यांना ते शोधता येईल.

शिवारफेरी (चोपडा)

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन गावांत शिवारबैठक ठेवतो. या वेळी पाणी असलेले आणि नसलेले वेगळे बसवून बघतो. तापीकाठचा, तुम्ही येता का? शेतकऱ्याने मांडलेला हिशोब माझ्यापेक्षा जास्त ऐकतील.

तापीकाठचा (रावेर तालुका)

येतो. दोन गोष्टी करा. सोसायटीच्या सचिवाला बोलवा, वसुलीची तारीख आणि नवीन कर्ज याबद्दल त्याला लोकांसमोर बोलू द्या. आणि जवळच्या जिनिंगवाल्यालाही, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखानदारालाही, बोलवा. फरदडीचा कापूस शेवटी तोच घेतो, आणि त्याच्या आवारात सरकीचे ढीग असतात तिथे पतंग पकडणारे कामगंध सापळे लागले नाहीत तर आम्ही शेत मोकळं करून काय उपयोग? बैठक संध्याकाळी घ्या, दिवसा वेचणी चालू असते, बाया येऊ शकणार नाहीत, आणि आमच्याकडे कपाशी कधी उपटायची हे घरात त्याच ठरवतात.